पुनर्रोपण की सोयीस्कर वृक्षहत्या?

शासकीय मराठीत काही शब्द असे आहेत की, त्यांचा उच्चार झाला की प्रश्न मिटला, असे सर्वांनी समजायचे असते. ‘पुनर्वसन’ हा त्यातला जुना शब्द. त्याचा खरा अर्थ काय, हे कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारावे. तो कळायला त्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. याच घराण्यातला नवा शब्द म्हणजे ‘पुनर्रोपण’. रस्ता रुंद करायचा आहे, मध्ये वड आहे, पुनर्रोपण करू. बंगला पाडून तेथे बहुमजली इमारत उभी करायची आहे, अंगणात आंबा आहे, पुनर्रोपण करू. शब्द उच्चारला की आंदोलकांचा आवाज खाली येतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि यंत्र कामाला लागते. त्यानंतर त्या झाडाचे काय झाले, हे पाहायला सहसा कोणी जात नाही. गेलाच, तर त्याला चार टेकूंच्या आधाराने उभे असलेले एक वाळलेले खोड दिसते.

वाढलेले झाड दुसरीकडे हलवता येते की नाही, हा येथे वादाचा मुद्दा नाही. ते हलवता येते. जगात हलवले गेले आहे, महाराष्ट्रातही हलवले गेले आहे. वादाचा मुद्दा एवढाच की, हे काम करणारा जाणता माणूस आज कोल्हापूरसारख्या शहरात सामान्य नागरिकाला मिळतो का? आणि मिळत नसेल, तर ज्याची पूर्तता करण्याची व्यवस्थाच नाही, असे आश्वासन शासनाने, महापालिकांनी आणि बांधकाम व्यावसायिकांनी का द्यावे?

दारोदार फिरणारा वृक्षमालक

कोल्हापुरातील ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी या भागांतील जुने बंगले गेल्या काही वर्षांत एकेक करून जात आहेत. प्रत्येक बंगल्याबरोबर एखादा आंबा, एखादे जांभूळ, एखादा सोनचाफा जातो. यातल्या सर्वच घरांना आपले झाड नकोसे झालेले असते, असे मुळीच नाही. आजोबांनी लावलेले झाड तोडताना घरातल्या वडीलधाऱ्यांचा जीव तुटतो. ते दुसऱ्या जागी नेता आले तर पदरचे पैसे खर्च करण्याची अनेकांची तयारी असते. तेथून त्यांची वणवण सुरू होते.

प्रथम अर्ज. नागरी भागातील झाडाला हात लावायचा तर ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ या कायद्यान्वये वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ती लागावी हेच योग्य आहे. परंतु कायदा जी परवानगी देतो, ती अमलात आणणारा कारागीर कोठे मिळेल, हे कायदा सांगत नाही. रोपवाटिकेत विचारावे, तर रोपवाटिकेचा मालक रोपे विकतो. तीस वर्षांचे झाड त्याने कधी हलवलेले नसते. बागा तयार करणाऱ्या कंत्राटदाराला विचारावे, तर तो हिरवळ आणि शोभेच्या कुंड्यांतला. पुण्या-मुंबईच्या व्यावसायिकाला दूरध्वनी करावा, तर एका झाडासाठी यंत्रसामग्री घेऊन कोल्हापूरपर्यंत येणे त्याला परवडत नाही. शेवटी उरतो तो जेसीबीवाला. त्याचे उत्तर मात्र ठरलेले असते, आणि ते उत्साहवर्धकही असते : “उचलूया की! त्यात काय हाय?”

त्यात काय आहे, हे त्याला ठाऊक नसते आणि विचारणाऱ्यालाही नसते. झाड जगेल का, असे विचारले की बोट आभाळाकडे जाते. लेखी हमी मागितली की, माणूस दुखावतो. पैसे मात्र झाड खड्ड्यात उभे राहिले की त्याच संध्याकाळी द्यायचे. म्हणजे शस्त्रक्रिया झाली, रुग्ण पलंगावर ठेवला, देयक चुकते केले. तो शुद्धीवर आला की नाही, याच्याशी शस्त्रवैद्याचा संबंध नाही! घरात विजेची तार ओढणाऱ्या माणसाला परवाना लागतो. शंभर वर्षे जगू शकणाऱ्या जिवाची मुळे तोडणाऱ्याला कसलाच परवाना लागत नाही, कसलीच परीक्षा द्यावी लागत नाही. ज्याच्याकडे यंत्र, तो तज्ज्ञ, अशी आपल्याकडची व्याख्या आहे.

वजनाचे साधे गणित

यात केवळ अज्ञान नाही, फसवणूकही आहे. ती समजून घेण्यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेतले गणित पुरते.

झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बव्हंशी जमिनीच्या वरच्या दोन फुटांत असतात आणि पर्णसंभाराच्या सावलीच्याही पलीकडे पसरलेली असतात. झाड हलवायचे तर मुळांभोवती मातीचा गोळा शाबूत ठेवून उचलावे लागते. या गोळ्याचा व्यास खोडाच्या व्यासाच्या किमान दहापट असावा, असा जगभर मान्य झालेला ढोबळ नियम आहे. आता सव्वा मीटर घेराचे झाड घ्या. मध्यम वयाचे, कोणत्याही अंगणात आढळणारे. त्याच्या खोडाचा व्यास सुमारे ४० सेंटिमीटर. म्हणजे गोळ्याचा व्यास ४ मीटर. खोली फक्त एक मीटर धरली, तरी माती भरते साडेबारा घनमीटर. ओल्या मातीचा एक घनमीटर पावणेदोन टनांच्या आसपास धरला, तर नुसत्या मातीचे वजन वीस टनांच्या पुढे जाते, झाडाचे वेगळेच. गल्लीत येणाऱ्या जेसीबीचे स्वतःचे वजन आठ टनांच्या आत-बाहेर असते. तो हा गोळा उचलणार कसा?

तो उचलत नाहीच. तो खोडाभोवती दोन मीटर व्यासाचा खड्डा मारतो. गोळा पाच टनांवर येतो आणि क्रेनला झेपतो. गोळ्याचा व्यास निम्मा झाला की मातीचा आणि मुळांचा तीन चतुर्थांश भाग खड्ड्याबाहेर तुटून राहतो. त्यात लोखंडी दातांनी ओरबाडलेल्या मुळांच्या चिंध्या झालेल्या असतात. उरलेल्या मुळांना पाने पोसवणार नाहीत म्हणून सगळ्या फांद्या छाटून झाडाचे मुंडन केले जाते. साखळी थेट खोडाला बांधल्याने साल सोलवटते. नव्या जागी खड्डा आधी काढलेला नसतो. असला तर खोल असतो, आणि खोडाचा बुंधा हातभर मातीखाली गाडला जातो. महिनाभर टँकर येतो. दोन महिन्यांनी खोडात साठलेल्या अन्नावर चार पालव्या फुटतात. ‘झाड जगले!’ म्हणून छायाचित्र काढले जाते. पुढच्या वैशाखात ते मरते, तेव्हा छायाचित्रकार नसतो.

या कामाचा हंगामही कामाच्या मुळावर येतो. पावसाळ्याच्या तोंडावर हलवलेल्या झाडाला आपल्याकडे जगण्याची संधी अधिक. पण निधी मार्चअखेर संपवायचा असतो आणि कंत्राटदाराला पावसाआधी रस्ता उरकायचा असतो. त्यामुळे झाडे निघतात ती नेमकी चैत्र-वैशाखात, कोल्हापूर परिसरातील काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असताना. अशा मातीचा गोळा उचलताना ढेकळे सुटतात आणि मुळे उघडी पडतात. जिथे मुरूम आहे तिथे गोळा बांधलाच जात नाही. शेतकऱ्याच्या पोराला जे कळते, ते अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याला कळू नये?

जपान्यांनी चारशे वर्षांची झाडे हलवली

मग हे काम होतच नाही का? होते. जपानच्या गिफू प्रांतात मिबोरो धरणाच्या पाण्याखाली शोकावा हे गाव जाणार होते. तेथील मंदिरांच्या आवारात चेरीचे दोन प्रचंड वृक्ष होते. वय चारशे वर्षांहून अधिक. धरण बांधणाऱ्या कंपनीचे माजी प्रमुख ताकासाकी तात्सुनोसुके यांनी ते पाहिले आणि ते वाचवायचेच, असे ठरवले. चेरीवृक्षांचे आयुष्यभर अध्ययन केलेल्या सासाबे शिन्तारो यांना पाचारण करण्यात आले. हे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांची तेथेही उणीव नव्हती. १९६० साली ती झाडे डोंगरउतारावर नेऊन लावण्यात आली. गाव बुडाले, विस्थापित ग्रामस्थ मात्र पुढे अनेक वर्षे त्या झाडांना फुले आली की त्यांच्या भेटीला जात राहिले. आज ‘शोकावाझाकुरा’ या नावाने जपानभर ती प्रसिद्ध आहेत.

जपानी भाषेत ‘नेमावाशी’ असा एक शब्द आहे. मुळांभोवती फिरणे, असा त्याचा मूळ अर्थ. झाड हलवण्याच्या बरेच महिने आधी मुळांभोवती टप्प्याटप्प्याने चर खणायचा, मोठी मुळे स्वच्छ धारेने कापायची, पुन्हा माती भरायची आणि खोडाजवळ नवी तंतुमुळे फुटेपर्यंत थांबायचे. मगच झाड उचलायचे. ही पूर्वतयारी त्या समाजाच्या इतकी हाडीमासी खिळलेली की, कोणताही मोठा निर्णय घेण्यापूर्वी सर्वांशी शांतपणे बोलून सहमती घडवण्यालाही तेथे ‘नेमावाशी’च म्हणतात. आपल्याकडे ना मुळांची नेमावाशी होते, ना माणसांची. नोटीस सोमवारी लागते आणि यंत्र मंगळवारी येते.

आपल्याकडेही हा विवेक होता, याचे स्मरण कोल्हापूरकरांना तरी करून देण्याची गरज पडू नये. पन्हाळ्याच्या आणि कोल्हापूरच्या गादीची सेवा केलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडासाठी काय करावे, हे सांगून ठेवले आहे. आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन मगच ते तोडावे, असा त्याचा आशय. आरमार ही काही चैनीची वस्तू नव्हती. परकीय सत्ता समुद्रावर दबा धरून बसलेल्या असताना स्वराज्याच्या संरक्षणाची ती निकड होती. त्या निकडीतही राज्यकर्त्याला झाडाच्या वयाची आणि मालकाच्या संमतीची आठवण होती. आजच्या कोणत्या प्रकल्पाची निकड त्याहून मोठी आहे?

महामार्ग आणि महावृक्ष

कोल्हापूरच्या परिसरानेच गेल्या काही वर्षांत या प्रश्नाच्या दोन बाजू पाहिल्या. सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यात भोसे येथे यल्लम्मा मंदिराजवळ सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वटवृक्ष होता. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात त्याच्यावर कुऱ्हाड येणार, असे दिसताच २०२० साली निसर्गप्रेमी एकवटले. तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिले आणि गडकरींनी मार्गाच्या आखणीत बदल मान्य केला. पक्ष वेगळे, सरकारे वेगळी. पण एका झाडासाठी राष्ट्रीय महामार्ग वळू शकतो, हे सिद्ध झाले. २०२२ साली तो वटवृक्ष कोसळला. ‘एवढे करून काय मिळवले?’ असे विचारणारे लगेच पुढे आले. प्रश्न उलटा विचारला पाहिजे. खोड वाचवले म्हणजे झाड वाचवले, असे आपण समजतो. त्या खोडाखालची, भोवतालची जमीन आणि तिच्यात दूरवर पसरलेली मुळे यांची निगा राखणे, तपासणी करणे, आधार देणे, हे काम कोणाचे? झाड जागेवर ठेवतानाही ज्या जाणकाराची गरज असते, तोच आपल्याकडे नाही.

दुसरी बाजू पुणे-बंगळुरू महामार्गाची. सातारा-कागल टप्प्याच्या सहापदरीकरणात रस्त्याकडेची मोठाली झाडे जाणार होती. त्यातील काही तरी वाचावीत म्हणून ‘सह्याद्री देवराई’चे संस्थापक, अभिनेते सयाजी शिंदे पुनर्रोपणासाठी धडपडत होते. मार्च २०२३मध्ये तासवडे टोलनाक्याच्या परिसरात हे काम चालू असताना त्यांच्यावर मधमाश्यांनी हल्ला केला. त्यांच्या तळमळीला वंदनच केले पाहिजे. पण हजारो कोटींच्या राष्ट्रीय प्रकल्पातील झाडे वाचवण्यासाठी एका नटाला भर उन्हात रस्त्यावर उभे राहावे लागावे, ही व्यवस्थेला भूषणावह गोष्ट नव्हे. ज्या प्रकल्पात डांबराच्या प्रत्येक थराची जाडी मोजणारा अभियंता असतो, त्यात मुळे मोजणारा एकही माणूस का असू नये?

कागदावरची हमी

यावर काहींचे उत्तर ‘कडक धोरण करा’ असे असते. दिल्लीने ते करून पाहिले. २०२०च्या तेथील वृक्ष पुनर्रोपण धोरणात प्रकल्पबाधित झाडांपैकी किमान ८० टक्के झाडे हलवावीत आणि हलवलेल्यांपैकी ८० टक्के वर्षभरानंतर जिवंत असावीत, अशी अट होती. कंत्राटदाराचे पैसेही झाडांच्या जगण्याशी जोडण्यात आले. ऐकायला उत्तम. पण २०२२ साली दिल्ली सरकारनेच उच्च न्यायालयाला सांगितले की, मागील तीन वर्षांत पुनर्रोपित केलेल्या १६,४६१ झाडांपैकी केवळ ३३.३३ टक्के जगली. देशाच्या राजधानीत, न्यायालयाच्या डोळ्यांदेखत तीनांतील दोन झाडे मेली, तर जेथे कोणी मोजतच नाही तेथे काय होत असेल?

महाराष्ट्राने २०२१ साली आपल्या १९७५च्या कायद्यात दुरुस्ती केली. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हटले गेले. झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. दुरुस्तीमागील हेतू चांगलाच आहे. पण म्हणूनच ‘पुनर्रोपण’ या शब्दाकडे अधिक संशयाने पाहिले पाहिजे. पुनर्रोपित म्हणून नोंदवलेले झाड तोडलेल्या झाडांच्या यादीत दिसत नाही. ते नव्या जागी मेले, तर त्याच्या मृत्यूची नोंद कोणत्या वहीत होते? जो कंत्राटदार झाड तोडतो, तो निदान सरळ बोलतो. जो ते उपटून दुसरीकडे वाळायला ठेवतो आणि वर पर्यावरणरक्षणाचे श्रेय घेतो, त्याचा अपराध दुहेरी आहे. एक झाडाचा घात, दुसरा समाजाच्या सद्भावनेचा.

आपल्या विचारांच्या मंडळींनीही या बाबतीत आरशात पाहायला हवे. २०२५च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात साधुग्रामासाठी झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून वाद उसळला, तेव्हा काहींनी त्याला कुंभमेळा विरुद्ध झाडे असे रूप देण्याचा प्रयत्न केला. तपोवन हे नावच ज्या संस्कृतीने दिले, तिच्या सोहळ्याला झाडांची अडचण व्हावी, हे तर्काला धरून नाही. देवराया राखणारा, वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणारा, औदुंबराखाली पादुका पुजणारा समाज आपला आहे. पण वडाची फांदी बाजारातून विकत आणून घरी पुजायची आणि रस्त्यावरचा वड उपटला जाताना खिडकी लावून घ्यायची, याला संस्कृतिरक्षण म्हणत नाहीत. ५ जूनला रोप लावतानाचे छायाचित्र काढणाऱ्यांनी त्याच रोपाचे पुढच्या ५ जूनचे छायाचित्रही काढावे. मग आपल्या कार्यक्रमांची खरी पटसंख्या कळेल.

काय मागायचे?

रोष व्यक्त करून थांबणे सोपे आहे. मागण्या नेमक्या हव्यात. पहिली, प्रत्येक प्रकल्पात क्रम ठरलेला असावा : आधी आखणी बदलून झाड जागेवर राहते का पाहायचे, ते शक्यच नसेल तर पुनर्रोपण, आणि जे झाड हलवून जगणारच नाही, ते तोडल्याची स्पष्ट नोंद करून त्याची पूर्ण भरपाई. वड, पिंपळ, उंबर ही कुळे तुलनेने चिवट. मुळाला आणि फांदीलाही फुटवा धरणारी. जुना आंबा, फणस किंवा साग यांचे तसे नाही. सर्वांना एकच माप लावणे म्हणजे न हलणारी झाडे आश्वासनात हलवणे होय.

दुसरी, कंत्राट झाड उचलण्याचे नसावे, झाड जगवण्याचे असावे. निम्म्याहून अधिक रक्कम दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे पार पडल्यानंतरच मिळावी. मुळांची पूर्वतयारी केव्हा केली, गोळ्याचा व्यास किती होता, पाणी कोण आणि किती दिवस घालणार, हे करारात लिहिलेले असावे. खासगी वृक्षमालकानेही या गोष्टी कागदावर घेतल्याखेरीज आगाऊ रक्कम देऊ नये. लेखी देण्यास नकार देणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

तिसरी, पुनर्रोपित झाडांची यादी जागेसह जाहीर फलकावर लागावी आणि दरवर्षी जिवंत-मृत अशी मोजदाद व्हावी. मोजणी खात्याने स्वतः करू नये. महाविद्यालयांकडून करून घ्यावी.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, माणसे घडवावीत. कोल्हापुरात १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे, त्याचा वनस्पतिशास्त्र विभाग नावाजलेला आहे; कृषी महाविद्यालय आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. झाडाची तपासणी, छाटणी, मुळांची कापणी, गोळा बांधणी, यंत्राची जोड आणि नंतरची निगा शिकवणारा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम या तिघांनी मिळून सुरू करणे अवघड नाही. पाश्चात्त्य देशांत वृक्षनिगा हा परीक्षा देऊन मिळवण्याचा, प्रतिष्ठेचा व्यवसाय आहे. फौंड्रीचे साचे आणि उसाचे बेणे यांत हात बसलेल्या या जिल्ह्यातील तरुणाला तो जमणार नाही, असे कोण म्हणेल? काम आहे, पैसे द्यायला लोक तयार आहेत. नाही तो फक्त शिकलेला हात.

तोपर्यंत स्वयंसेवकांनी आणि गृहिणींनी एक साधे काम करावे. आपल्या वस्तीत ‘पुनर्रोपण’ झालेले प्रत्येक झाड शोधावे, त्याच्या बुंध्याशी जावे, नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आतून हिरवी असेल तर आठवड्याला चार घागरी पाणी घालण्याची पाळी लावावी. करडी, कोरडी असेल तर तारीख आणि जागा लिहून महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, आणि पोच घ्यावी. एका वॉर्डातून अशा वीस पोचपावत्या जमल्या, तर पुढच्या वेळी ‘पुनर्रोपण करू’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी संबंधितांना घटकाभर विचार करावा लागेल.